मुलूखमैदानचं माहेर

आमच्या बेलापुरात ज्याचा आवाज तीन आळ्या ओलांडून जातो अशा प्रत्येक माणसाला जन्मात एकदा तरी 'मुलूखमैदान तोफ' ही पदवी मिळतेच. निवडणुकीच्या सभेत मिळते, शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळते, आणि एका शोकसभेत ती प्रत्यक्ष दिवंगतांना मिळालेली मी या कानांनी ऐकली आहे. पदवी देणाऱ्याला तोफ ठाऊक नसते, घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना टाळ्या संपल्या की चहा आहे एवढंच ठाऊक असतं.

मी एकदा आमच्या हेडकॅशियरना विचारलं, "मुलूखमैदान म्हणजे काय हो?"

"जी मुलूखभर ऐकू जाते ती."

"आणि मैदान?"

"अहो, सभा मैदानातच असते ना!" असं म्हणून त्यांनी शंभराच्या नोटांचं बंडल मोजायला घेतलं. बंडल हातात आलं की कॅशियरशी वाद घालू नये. आकडा चुकला तर खापर आपल्यावर फुटतं.

खरं नाव मलिक-ए-मैदान. म्हणजे रणमैदानाचा धनी. मराठी माणसाच्या तोंडात ते घोळत घोळत 'मलिक'चा 'मुलूख' झाला आणि धनी जाऊन नुसती जमीनच उरली. शिवाय नाव पुरुषाचं आणि जात बाईची. मराठीत तोफ, तलवार, बंदूक, कट्यार या सगळ्या बायका. पुरुषांच्या वाट्याला भाला, बाण आणि सोटा. व्याकरण लिहिणाऱ्याच्या घरची परिस्थिती यावरून समजून यावी.

आता ही तोफ विजापूरची, असं कोणीही सांगेल. विजापूरच्या बुरुजावर ती उभी आहे, हेही खरं. पण वस्तू जिथे उभी असते तिथलीच असते, असं मानायला आम्ही बेलापूरकर तयार नाही. आमच्या गावाच्या नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे. दौंड-मनमाड लायनीवर 'बेलापूर' वाचून जो विश्वासानं उतरतो तो श्रीरामपुरात असतो, आणि आम्ही तिकडे प्रवरेच्या काठी त्याची वाट पाहत बसलेले असतो. त्यात नव्या मुंबईनं आणखी एक बेलापूर काढून ठेवलं आहे. "आम्ही पोचलो, समोर खाडी दिसते आहे," असा पाहुण्यांचा फोन आला की आमच्याकडे चहाचं आधण उतरवून ठेवतात. तेव्हा नावावरून आणि पत्त्यावरून मूळ ठरवायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे.

तोफेचं मूळ शोधायची बुद्धी मला झाली ती मात्र भाच्यामुळे. तो अमेरिकेत फ्लॉरिडात असतो. तिथे सेंट ऑगस्टीन नावाच्या गावात स्पेनच्या लोकांनी बांधलेला समुद्रकाठचा किल्ला आहे. त्यावरच्या जुन्या काशाच्या तोफांचे फोटो त्यानं पाठवले आणि सोबत लांबलचक पत्र. "मामा, या लोकांचं रेकॉर्ड बघा. राजाचं चिन्ह, ओतणाऱ्याचं नाव, गाव सेव्हिल, साल, सगळं तोफेवरच कोरलेलं." स्पेनच्या तोफांची ही जुनी रीतच आहे. पुष्कळ तोफांवर वजनसुद्धा खोदलेलं सापडतं आणि अठराव्या शतकातल्या तोफांवर बहुधा तोफेचं स्वतःचं नावही. वर एक लॅटिन वचन. त्याचा अर्थ, दुखावलेल्या राजाच्या या विजा आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं आपल्या तोफांवर 'राजांचा शेवटचा युक्तिवाद' असं कोरवून घेतलं होतं. तो थोडा बोलका माणूस होता.

मला वचनांपेक्षा बाकीचा मजकूर आवडला. नाव, गाव, तारीख, वजन, सही. याला आम्ही व्यवस्थित भरलेलं व्हाउचर म्हणतो. उद्या तोफ समुद्रात बुडाली, चोरीला गेली, दुसऱ्या देशानं पळवली, तरी वर काढून वाचावं आणि खातं कोणाचं ते सांगावं.

पत्राचं शेवटचं वाक्य होतं, "आपल्याकडे असं काही ठेवत नाहीत ना?" परदेशी गेलेल्या भाच्यांच्या पत्राचं शेवटचं वाक्य नेहमी असंच असतं. एरवी मी ते गिळतो. पण त्या दिवशी बँकेचा ताळेबंद पहिल्या फेरीत जुळला होता आणि अंगात बळ होतं. मी ठरवलं, या पोराला मुलूखमैदानचं व्हाउचर दाखवायचं.

लोक बँकेची एलएफसी घेऊन केरळला जातात, काश्मीरला जातात. मी विजापूरला जायचं म्हटल्यावर घरात चार दिवस आमटीला चव नव्हती. "तोफ बघायला?" सौ.नी विचारलं. मी म्हटलं, गोल घुमटही आहे. तिथे एक शब्द बोललं की सात वेळा परत ऐकू येतो. त्यावर, "तेवढ्यासाठी विजापूर कशाला, तुमच्याशी बोलायचं म्हणजे घरीही सात वेळा बोलावं लागतं," असं उत्तर आलं, आणि दौंड-सोलापूर करत आम्ही निघालो.

विजापूरच्या तटाच्या पश्चिम बाजूला बुर्ज-ए-शेर्झा, म्हणजे सिंहाचा बुरूज आहे. दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात, १६७१ साली तो बांधला आणि पाच महिन्यांत पुरा केला, असा तिथे लेख आहे. (आमच्याकडे पाच महिन्यांत फक्त टेंडर निघतं.) भाच्याला कळवण्यासाठी मी लगेच टिपून घेतलं, कारण त्याचा तो सेंट ऑगस्टीनचा किल्ला बांधायला घेतला १६७२ साली. आमचा बुरूज त्याच्याआधी बांधून झाडून मोकळा होता.

बुरुजावर चढलं की ती दिसते. 'दिसते' हे क्रियापद अपुरं आहे. डोळ्यांत मावत नाही. लांबी चौदा फुटांच्या वर, तोंडाशी जाडी जवळजवळ पाच फूट आणि आतलं भोक २ फूट ४ इंच. वजन ५५ टन सांगतात. आमच्या बँकेची तिजोरी आणायला आठ माणसं लागली होती आणि त्यांतले दोन दुसऱ्या दिवशी कामाला आले नव्हते. यावरून ५५ टनांचा मनाशी हिशेब करू लागलो आणि सोडून दिला.

तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेल्या सिंहाचं डोकं आहे, आणि दातांच्या फटीत एक बिचारा हत्ती सापडलेला कोरला आहे. सौ. बराच वेळ निरखून म्हणाली, "हा हत्तीला गिळतोय की ओकतोय?" मी म्हटलं, अगं, शत्रूचे हत्ती असे खाऊन टाकीन, असं त्याला सांगायचं आहे. "मग अर्धा बाहेर का ठेवलाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या सल्तनतींची तऱ्हा पाहता प्रश्न वाजवी होता.

तिथला एक माहितगार आपण होऊन आमच्या मागे लागला. तोफ डागल्यावर कानठळ्या बसू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारायचा, कितीही ऊन असलं तरी ही तापत नाही, हात लावून मनात धरलेलं खरं होतं, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मी हात लावला. उन्हाळ्याचे दिवस होते. मनात काय धरलं ते सांगत नाही, पण हात चटकन काढला.

एक गोष्ट मात्र त्यानं खरी सांगितली. टिचकी मारली तर ही घंटेसारखी वाजते. कारण ती घंटेच्याच धातूची आहे. शंभरात सुमारे ८० भाग तांबं आणि २० भाग कथील. युरोपात तोफांना कथील साधारण निम्म्यानं घालत, दहाच्या आसपास. देवळाची घंटा आणि आमच्या आजीची काशाची वाटी याच गोत्रातली. वाटी पायांना चोळून उष्णता उतरवायची आणि तोफेनं चढवायची, एवढाच फरक.

आता व्हाउचर. तोफेच्या अंगावर फारसी वळणाचे तीन लेख आहेत. ते मला वाचता येत नाहीत, पण पुराणवस्तू खात्याच्या हेन्री कझेन्स नावाच्या साहेबानं १९१६ साली विजापूरवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात आणि जुन्या गॅझेटिअरात ते उलगडून दिले आहेत. पहिला लेख मालकाचा. निजामशहा, पैगंबरांच्या घराण्याचा सेवक, हिजरी सन ९५६. म्हणजे इसवी सन १५४९ आणि निजामशहा म्हणजे नगरचा बुऱ्हाण निजामशहा. झालं! खातं उघडलं नगर शाखेत. विजापूरला नुसतं ट्रान्सफर होऊन आलं आहे.

मी आनंदानं ओरडलो. सौ.ला वाटलं, पुन्हा हात लावला.

दुसरा लेख त्याहून छोटा आणि मला विचाराल तर तिन्हींत मोठा. अमुक सुलतान, तमुक बादशहा असं त्यात काही नाही. काम कोणाचं, तर मुहम्मद बिन हुसेन रूमी याचं. बस्स. ही सही.

रूमी म्हणजे रूमचा. रूम म्हणजे पूर्वेकडचं रोमन राज्य, आणि ते तुर्कांनी घेतल्यावर तुर्कांचा मुलूख. त्या काळात तोफा ओताव्यात तर तुर्कांनी. १४५३ साली त्यांनी कॉन्स्टँटिनोपल पाडलं ते ऑर्बान नावाच्या हंगेरीकडच्या कारागिरानं ओतलेल्या दांडग्या तोफांच्या जोरावर. पुढे १४६४ साली मुनीर अली नावाच्या उस्तादानं एक काशाची तोफ ओतली. ती सुलतानानं १८६६ साली व्हिक्टोरिया राणीला भेट दिली आणि आता इंग्लंडात पोर्ट्समथजवळच्या एका किल्ल्यात ठेवली आहे. तिचं भोक ६३ सेंटिमीटर. आमच्या नगरच्या तोफेचं ७१. तोंडाच्या बाबतीत नगर जिल्हा पुढे, याचं नगर जिल्ह्याबाहेरच्या कोणालाही आश्चर्य वाटणार नाही.

हे रूमी लोक जहाजांतून गुजरातेत उतरायचे, तिथून दक्खनेत यायचे आणि चांगल्या पगारावर लागायचे. त्यांच्यातल्या मोठ्याला 'रूमीखान' म्हणत. गुजरातच्या बहादूरशहाकडे एक रूमीखान, नगरच्या तोफखान्यावर चलबी रूमीखान. ते नाव नव्हेच, हुद्दा आहे. आमच्याकडे 'भाऊसाहेब' असतात तसा. एकाला हाक मारावी आणि चौघांनी वळून पाहावं.

त्या रूमीनं नगरला काय उद्योग मांडला असेल, याचा मी घरी येऊन बराच विचार केला. तांबं त्या काळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं. निजामशहाच्या चौल बंदरात त्यांनी १५२१ सालीच बस्तान बसवलं होतं. कथील यायचं मलाक्याकडून. असला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर येणार, आणि मग खरी परीक्षा. एवढी तोफ ओतायची म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन त्यात साचा पुरायचा आणि भोवती भट्ट्या पेटवायच्या. एका भट्टीत इतका रस मावत नाही. सगळ्या भट्ट्यांचा रस एकाच वेळी तयार व्हायला हवा आणि एका दमात वाहायला हवा. मध्ये खंड पडला तर पहिला थर निवतो, दुसरा त्याच्याशी एकजीव होत नाही, आणि तोफ पहिल्याच बाराला फुटून आपल्याच माणसांना मारते. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन खड्डाच उडतो. आणि हे सगळं करून काय झालं ते कळायला तोफ निवेपर्यंत थांबायचं. आम्हाला वर्षअखेरीचा ताळेबंद जुळेपर्यंत झोप येत नाही. हा माणूस किती रात्री जागा असेल!

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. तोफ सिद्ध व्हावी म्हणून त्यानं स्वतःच्या मुलाचा बळी दिला आणि त्याच्या रक्तानं तिला न्हाऊ घातलं. बुरुजावरच्या माहितगारानं ती हौदाच्या गोष्टीइतक्याच सहजपणे सांगितली आणि पुढे निघाला. सौ. मात्र तिथेच थांबली.

"स्वतःचा मुलगा?"

मी म्हटलं, अगं, लोककथा आहे. प्रत्येक जुन्या पुलाखाली आणि किल्ल्याच्या पायात कोणी ना कोणी पुरलेलं असतं. मोठं काम माणसाच्या हातून झालं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते त्यात रक्त घालतात. "असेल," ती म्हणाली, "पण त्या मुलाचं नाव काय होतं?" ते कोणी सांगत नाही. गोष्ट रचणाऱ्यांनी बापाला नाव दिलं, तोफेला दिलं, पोराला द्यायचं राहून गेलं. मग जिना उतरेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

ही तोफ ज्या साच्यात ओतली तो नगरला आहे, असं जुन्या गॅझेटिअरात नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा माहेराबद्दल वाद नको.

माहेर-सासर म्हटलं की चांदबिबी आलीच. विजयनगरशी लढायचं म्हणून सुलतानांनी एकी केली, ती आपल्या शेतकरी घरांत भावकीचा बांध मिटवतात त्याच पद्धतीनं, म्हणजे साटंलोटं करून. नगरच्या हुसेन निजामशहानं मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आहेरात सोलापूरचा किल्ला दिला, आणि अलीची बहीण आपल्या मुलाला करून घेतली. आहेरात किल्ला दिला तरी मुलीच्या बापाला 'काही नीट केलं नाही' असं विजापूरकडच्यांनी ऐकवलंच असणार.

मग २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीची, म्हणजे तालिकोटची लढाई झाली. (त्याच साली सप्टेंबरात स्पेनच्या लोकांनी सेंट ऑगस्टीन वसवलं. भाच्याला हेही कळवलं.) नगरचा तोफखाना चलबी रूमीखानाच्या हाताखाली होता, आणि त्यात आमची मुलूखमैदानही होती, असं परंपरा सांगते. विजयनगरचं सैन्य अगदी जवळ येईपर्यंत रूमीखान गप्प राहिला आणि मग त्यानं तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरून बार काढला. एका क्षणात शेकड्यांनी माणसं पडली. एक साम्राज्य चिल्लरनं बुडालं. सुटे नाहीत म्हणून काउंटरवर रोज भांडणारा माणूस मी. ही हकीकत वाचताना, माणसं मेल्याचं वाईट वाटायच्या आधी, ती चिल्लर परत कोणी मोजली, हा विचार माझ्या मनात आला. बावीस वर्षांच्या नोकरीनं माणूस असा होतो.

आणि ही खोड त्या घराण्यात राहिली. चांदबिबी विधवा होऊन माहेरी परतली आणि १५९५-९६ साली मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तीच उभी राहिली. दारूगोळा संपल्यावर तिनं तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी घातली, असं सांगतात. सुरुंगानं तट उडाला तर तिनं रातोरात तो परत उभा केला. ही झाली नगरची विजापूरला दिलेली एक लेक. वेळ आली तेव्हा माहेरच्या दाराशी येऊन उभी राहिली. दुसरी अजून सासरीच आहे.

ती दुसरी सासरी गेली ती मात्र रीतसर वरात काढून नव्हे. १६०० साली मोगलांनी नगर घेतलं. निजामशाहीनं काही काळ परांड्याच्या किल्ल्यात बिऱ्हाड मांडलं. तोफही परांड्यालाच होती. पुढे परांडा विजापूरकडे गेला आणि १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं तिला विजापूरला आणलं. हा मुरार जगदेव मराठी माणसाला दोन कारणांनी आठवतो. पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो याच्याच कारकिर्दीत. आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीच्या भारंभार दान करायचं याच्या मनात आलं, तेव्हा हत्ती तोलावा कसा असा पेच पडला. शहाजीराजांनी तोड काढली. हत्ती नावेत चढवा, पाणी कुठवर येतं तिथे खूण करा, हत्ती उतरवा आणि खुणेपर्यंत दगड भरा. मग दगड तोला. त्या गावाला तुळापूर म्हणतात ते यावरूनच, असं सांगतात. तोफ आधी, हत्ती पुढच्या साली. मला वाटतं, मुलूखमैदान ओढून आणल्यावरच त्याला जड वस्तूंचा नाद लागला असावा.

आणणं सोपं नव्हतं. दहा हत्ती, चारशे बैल आणि कित्येक शे माणसं लागली म्हणतात. परांड्याहून विजापूर सरळ रेषेत शंभर मैल, आणि त्या काळात सरळ रेषेत फक्त कावळे जात. वाटेत भीमा. चारशे बैल एका दिशेनं ओढायला लावणं म्हणजे काय, हे ज्यानं सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्यालाच कळेल. जोडीला 'कडक बिजली' नावाची दुसरी तोफ होती, ती नदीत बुडाली, असं सांगतात.

तिसरा लेख औरंगजेबाचा. १६८६ साली त्यानं विजापूर घेतलं आणि जे केलं ते आमच्याकडे हुंडीच्या पाठीवर करतात. सही केली. आलमगीर बादशहानं विजापूर जिंकलं, आणि सन पाहिजे असेल तर 'मलिक-ए-मैदान काबीज केला' या अर्थाच्या अक्षरांची बेरीज करा, १०९७ येईल. फारसीत अक्षरांना आकड्यांची किंमत असते, तिचा हा खेळ. मला तो आवडला. बादशहा असूनही बेरजेवर श्रद्धा होती. पण एक गोष्ट नजरेत भरते. आधीच्या दोन सह्या त्यानं खोडल्या नाहीत. निजामशहाचं नाव तसंच, रूमीचं तसंच, त्यात त्यानं आपली भर घातली. नव्या मॅनेजरनं आल्या आल्या जुन्याच्या नावाची पाटी न काढणं किती अवघड असतं, ते मी पाहिलेलं आहे.

पुढे विजापूर १७६० मध्ये मराठ्यांकडे आलं, १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींकडे गेलं. १८२३ साली मुंबई सरकारच्या मनात आलं की ही तोफ विलायतेला पाठवावी. पण रस्ते इतके वाईट होते की ती बंदरापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. बेत बारगळला. खराब रस्त्यांनी देशाची अशी सेवा केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

१८४८ साली सातारा खालसा झालं आणि विजापूर कंपनी सरकारच्या दप्तरात गेलं. दप्तरात गेलेल्या वस्तूचं जे होतं ते हिचंही झालं. १८५४ साली साताऱ्याच्या कमिशनरचा हुकूम सुटला की विजापूरला पडून असलेला निरुपयोगी माल विकून टाकावा. त्या मालात मोडक्या बंदुका, गंजलेले गोळे आणि मलिक-ए-मैदान. लिलाव पुकारला. बोली चढत चढत थांबली १५० रुपयांवर.

दीडशे रुपये! मी कागद घेऊन बसलो. ५५ टनांना १५० रुपये म्हणजे टनाला पावणेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. एका रुपयाला साडेतीनशे किलोंच्या वर अस्सल कासं. त्या काळची स्वस्ताई लक्षात घेऊनही हे जरा जास्तच झालं. रूमीच्या जागलेल्या रात्री, तालिकोटची चिल्लर, दहा हत्ती, चारशे बैल आणि बादशहाची बेरीज, सगळं मिळून एकशे पन्नास.

तिथे एक मामलेदार होता. गॅझेटिअरात त्याचा हुद्दाच आहे. त्यानं हातोडा आपटला नाही. एवढ्या मोठ्या वस्तूला ही रक्कम फार थोडी दिसते, आणि लोकांची हिच्यावर भक्ती आहे, हे त्याच्या ध्यानात होतं. म्हणून त्यानं वर लिहून पाठवलं. सर्वांत मोठी बोली इतकी आली आहे, विक्री कायम करावी काय?

सरकारी आणि बँकेच्या कारकुनांना लोक काय काय म्हणतात ते मी रोज काउंटरवरून ऐकतो. 'वर विचारावं लागेल' या तीन शब्दांवर तर लोकांचा विशेष राग. पण त्या दिवशी विजापुरात कोणी तडफदार अधिकारी असता, आलेल्या हुकमाची चोवीस तासांत अंमलबजावणी करणारा, तर मुलूखमैदानच्या घागरी, पराती आणि घंटा होऊन गेल्या असत्या. या माणसानं फक्त विचारलं. टपाल साताऱ्याला गेलं, उत्तर आलं. विक्री रद्द, तोफ ठेवावी.

हे सगळं मी भाच्याला सविस्तर लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मामा, मस्त. पण वजन कोरलेलं नाही ना?" नाही कोरलेलं. तोलायला शहाजीराजे लागले असते.

सौ.ला मात्र शंका निराळीच आली. परतीच्या गाडीत सोलापूर सोडल्यावर ती म्हणाली, "तो दीडशे रुपये बोलला तो माणूस कोण होता हो?"

"असेल कोणी भांडीवाला."

"पण विकत घेतली असती, तर न्यायची कशी होती त्यानं?"

मी पुन्हा कागद काढला. दहा हत्ती, चारशे बैल. भाड्याचे दर माझ्याकडे नव्हते, पण नुसता एका दिवसाचा कडबा धरला तरी दीडशेच्या वर जात होता.